मी दीडशे वर्षांचा नाही

मी रंधा. आजवर माझ्याबद्दल जे काही लिहिलं गेलं ते इतरांनीच लिहिलं, आणि तेही मला विकण्यासाठी. तेव्हा आता दोन शब्द माझ्या तोंडून ऐका. फार वेळ घेणार नाही. खोक्यात बसून गावोगाव हिंडून मी पुरता थकलोय.

लाकूड गुळगुळीत करायला सुताराकडे हातभर ठोकळा असतो ना, पोटात तिरकं पातं आणि पातं धरून ठेवणारी पाचर, तो मी. माझ्या सुतारानं मला स्वतःच्या हातानं घडवलं. उमेदवारी संपली की आपला रंधा आपण करायचा, अशी त्याच्या उस्तादाची शिस्त होती. घाईत त्याचं माप चुकलं आणि माझं तोंड, म्हणजे तळाला पातं बाहेर येतं ती खाच, जरा रुंद झालं. तो रडवेला झाला. उस्ताद म्हणाला, "राहू दे. चूक डोळ्यांसमोर असली की पुन्हा होत नाही." त्या रुंद तोंडानिशीच मी त्याच्या हाताखाली जन्म काढला. दारं, खिडक्या, पाळणे, दुकानांची फळ्यांची शटरं, काय म्हणाल ते. त्याचा अंगठा जिथं टेकायचा तिथं माझ्या अंगाला खळगा पडला.

माणूस हाताचा चांगला, पण व्यवहाराला शून्य. गिऱ्हाईक तयार टेबल बघायला आलं की हा आधी ते उलटं करायचा. "ही इथली गाठ बघून घ्या. पुढंमागं सुटेल." गिऱ्हाईक बिचारं दचकायचं. काही जण शेजारच्या दुकानात जायचे. तिथं गाठीत पुट्टी भरून वर रंग फासलेला असायचा आणि दुकानदार गोड बोलायचा. शेजाऱ्यानं दोन मजले चढवले, आमचा सुतार पत्र्याखालीच राहिला. पण त्याला त्याचं काही नव्हतं. झोप छान लागायची.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाला कळलं, मग मला. सरळ चालणारा मी वाकडा जाऊ लागलो. एके दिवशी त्यानं मला पुसून फडक्यात गुंडाळलं आणि भाड्याच्या दुकानाची किल्ली मालकाला देऊन टाकली.

घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. मुलगी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावायचं काम करते. हत्यारांनी तिच्या पलंगाखालची जागा अडवली होती. ती म्हणाली, "बाबा, लिलावाच्या साइटवर टाकू या? फोटो लावायचा, चार ओळी लिहायच्या. मुदत संपेपर्यंत ज्याची बोली सगळ्यात वर, त्याची वस्तू." तो म्हणाला, "टाक. गंजून जाण्यापेक्षा कुणाच्या तरी हाती लागू देत."

पलंगावर पांढरी चादर अंथरून आमचे फोटो निघाले. ती लिहायला बसली, तो शेजारी बसून सांगू लागला.

"लिही, करवतीचे दोन दात तुटलेत. मूठ एकदा निसटली होती, सरसानं चिकटवलीय. पावसाळ्यात पुन्हा निसटेल."

"बाबा, आपण वस्तू विकतोय की तिच्याविरुद्ध तक्रार देतोय?"

"घेणाऱ्याला हात लावून बघता येणार आहे का? मग आपणच सांगायला नको?"

शेवटी त्यानं सांगितलं तसंच तिनं लिहिलं. अर्थात बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग एक एक बोली आली. एकानं लाकूड कोरायच्या पटाश्यांचा संच जिंकला आणि तो बेपत्ता झाला. दुसरा जिंकल्यावर घासाघीस करू लागला, जणू भाजी घेतोय. पण करवत एका शाळेतल्या हस्तकलेच्या बाईंकडे गेली. त्यांनी मुलांनी केलेल्या स्टुलाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "लिहिलं होतं त्याहून चांगली निघाली." सुतारानं तो फोटो आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवला, दूध घालायला आलेल्यालासुद्धा.

मला त्यानं सगळ्यांच्या शेवटी काढलं. माझ्यावर दोघांनी बोली लावली. एकानं आधी विचारलं, "तळ सपाट आहे का? पातं किती उरलंय?" दुसऱ्यानं काहीच विचारलं नाही, फक्त आकडा वाढवत राहिला.

"ज्यानं तळ विचारला त्याला दे," सुतार म्हणाला.

"बाबा, बोली दुसऱ्याची वर आहे."

"पण काम तो पहिला करणार."

"तिथं माणूस नाही बघत हो. आकडा बघतात. नियमच आहे तो."

शेवटच्या मिनिटांत आकडा असा चढला, की मुलीनं टाळी वाजवली. तिचंही चुकलं नाही. महिनाअखेर होती. त्यानं मला स्वतःच खोक्यात ठेवलं, आडवं, कुशीवर, पात्याला धक्का लागू नये म्हणून.

ज्यानं मला घेतलं तो नवीन कॉफीचं दुकान सजवत होता. त्यानं माझ्या पोटातून आरपार भोक पाडलं आणि सायकलच्या चाकाशेजारी मला भिंतीवर टांगलं. माझ्याखाली लोक तासन्‌तास बसायचे. कुणी वर बघितलंच तर विचारायचं, "हे काय आहे गं?" उत्तर यायचं, "असेल काहीतरी जुनं." सगळा दिवस लाकडाच्या टेबलांकडे बघत टांगून राहायचं आणि त्यांच्या कडा टोचताहेत हे दिसत असून काही करता येत नाही, याहून वाईट काय असतं मला माहीत नाही. पुढे दुकान चाललं नाही. भिंतीवरचं सगळं एकगठ्ठा विकलं गेलं.

मी गेलो एका जुन्या वस्तू विकणाऱ्याकडे. साइटवर त्यानं नाव घेतलं होतं 'जुनं ते सोनं'. माणूस अगदीच वाईट नव्हता. सामान बांधताना आईला फोन लावायचा, तिच्या गोळ्यांची चौकशी करायचा. पण माझा खळगा त्यानं घासून सपाट केला. भोक बुजवलं, वर काळपट पॉलिश चढवलं आणि खाली लिहिलं, 'दीडशे वर्षांपूर्वीचा दुर्मीळ रंधा. राजवाड्याच्या कामावर वापरलेला.' राजवाडा मी बघितलाय तो फक्त बिस्किटाच्या डब्यावर.

पण चोरावर मोर असतोच. एका गिऱ्हाइकानं मला घेतलं, माझं मूळचं पोलादी पातं काढून ठेवलं, तिथं गंजकं पातं बसवलं आणि 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून मला परत धाडलं. पैसेही परत घेतले. 'जुनं ते सोनं' डोकं धरून बसला. मला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. त्यानं तेच वर्णन पुन्हा लावलं आणि मी पुन्हा खोक्यात जायची वाट बघू लागलो.

इकडे घरी काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. मी गेल्यापासून सुतार जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि त्याचे दोन्ही हात टेबलावरून पुढं सरकायचे, मागं यायचे, पुन्हा पुढं. हातात काही नसायचं. मुलगी भाकरी वाढायला यायची आणि बघत उभी राहायची. आपण टाळी वाजवली होती, हे तिला आठवायचं. तिनं ठरवलं, बाबांचा रंधा परत आणायचा. कॉफीवाल्याला तिनं इतक्यांदा निरोप पाठवले, की कंटाळून त्यानं मला कुणाला विकलं ते सांगितलं. तिथून ती माझ्यापर्यंत पोचली. पुन्हा बोली लागली, पुन्हा कुणीतरी आकडा चढवत होतं. मला विकून आले होते ते पैसे आणि वर आणखी बरेच तिनं घातले.

खोकं उघडलं आणि मला घराचा वास आला. तिनं मला त्याच्यापुढं ठेवलं.

"बाबा, ओळखा बघू."

त्यानं मला आधी उलटं केलं. सवयच ती. "चांगलं लाकूड आहे. कुणाचा?"

"तुमचाच की."

"छे. माझ्याला इथं खळगा होता."

"त्यांनी घासलाय."

"पातं माझं नाही. आणि हे बुजवलेलं भोक?"

"बदललंय पातं. आणि भिंतीवर टांगलं होतं, बाबा. मी सगळी चौकशी केलीय. हे तोंड बघा, रुंद आहे."

त्यानं माझ्या तोंडात बोट घालून बघितलं. मी जीव मुठीत धरून होतो. तो म्हणाला, "ह्या सुताराचंही माप चुकलं होतं म्हणायचं. होतं माणसाकडून." मग त्यानं विचारलं, "विकणाऱ्यानं काय लिहिलं होतं?"

त्यानं चष्मा लावला आणि तिच्या हातातून फोन घेतला. ओठ हलवत सावकाश वाचलं.

"हे बघ. दीडशे वर्षं म्हणतोय. माझा तर मी केला. तो कसा असेल दीडशे वर्षांचा?"

"ते खोटं लिहिलंय हो."

त्यानं चष्मा काढला आणि तिच्याकडे असं बघितलं, जणू आपलं काहीतरी शिकवायचं राहून गेलं. "विकायची वस्तू. तिच्याखाली लिहायचं. ते खोटं कोण लिहील?"

तिनं फोन परत घेऊन पालथा ठेवला. आणि मला बोलता येत नव्हतं. आयुष्यात इतकं असहाय मला भिंतीवर टांगल्यावरही वाटलं नव्हतं.

पण त्यानं मला टाकलं नाही. "कुणाचा का असेना, बिचाऱ्याचे हाल केलेत," असं म्हणून तो रोज सकाळी मला घेऊन बसतो. काचेच्या तुकड्यानं काळं पॉलिश खरवडतो. गंजकं पातं दोन्ही हातांनी दगडावर दाबून घासतो. तेवढा वेळ त्याचा उजवा हात कमी थरथरतो. घासता घासता माझ्याशी बोलतो. "माझा रंधा होता ना, त्याचं काम बघायला हवं होतंस. आरशासारखी फळी करायचा." मी ऐकतो. आपली स्तुती आपल्यालाच परक्यासारखी ऐकावी लागते, आणि तरी ती गोड लागते.

मला आता कुठं जायचं नाही. ज्यांच्या घरी विकण्याजोगं काही आहे त्यांनी ते खुशाल विकावं. आम्हा वस्तूंना हात बदलण्याचं दुःख नसतं, रिकामं पडून राहण्याचं असतं. फक्त खाली लिहाल ते खरं लिहा. हजार वाचणाऱ्यांना ते खोटं आहे हे कळतं. एखादा निघतो, जो शब्दावर विश्वास ठेवतो, आणि त्याचं मग काहीच भरून निघत नाही.

परवा त्यानं मुलीला सांगितलं, "घरात दोन रंधे कशाला? माझा सापडेपर्यंत हा राहू दे. तो आला की याला विकून टाकू. दोष मी सांगेन, तू लिही."

"बरं," ती म्हणाली. वाद घालणं तिनं सोडून दिलंय.

आता ती कामावरून आली, की तो विचारतो, "आला का गं माझा?" ती चप्पल काढते, खुर्चीत बसते, फोनवर साइट उघडते आणि मी समोर टेबलावर असताना मला शोधते. बराच वेळ अंगठा वर सरकवत राहते.

"नाही हो बाबा. आजही नाही आला."

तिनं असं म्हटलं, की माझा जीव भांड्यात पडतो.