पडद्यामागे बसणारी माणसं

मित्रांनो, मी दोन चादरी जोडून शिवलेला एक जुना पडदा आहे. माझ्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक शिवण आहे. माझ्यावर जो कोणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, त्याला ती ओलांडावीच लागली. राजे ओलांडून गेले, शिपाई गेले, मेंढरंही गेली.

मला शिवलं शिंपीणबाईंनी. "कापड जरा जाड हवं होतं," असं त्या म्हणाल्या, पण घरात होतं ते त्यांनी दिलं. मी पातळ निघालो हे किती चांगलं झालं, ते तुम्हाला पुढे कळेलच.

चर्चच्या सभागृहात महिन्यातून एकदा, दिवेलागणीला, प्रभू येशूच्या जीवनावरचा चित्रपट दाखवत. सभागृह इतकं आखूड होतं की भिंतीपुढे पडदा उभा केला तर चित्र पुरेसं मोठं व्हायला जागाच पुरत नसे. म्हणून मागचं मोठं दार सताड उघडायचं आणि त्याच्या चौकटीत मला ताणून बांधायचं, अशी युक्ती चित्रपटाचं मशीन चालवणाऱ्या मशीनवाल्याने काढली. माझ्या पुढे सभागृह आणि मागे अंगण. अंगणापलीकडे सुतारबाबांचा कारखाना. सुतारबाबा म्हणजे शिंपीणबाईंचे यजमान.

"ज्यांनी ही गोष्ट कधीच ऐकली नाही, त्यांच्यासाठी हा चित्रपट बनवलाय," असं पाळकसाहेब दर वेळी सुरुवातीला सांगत. पण समोर बसलेल्या मंडळींना तो तोंडपाठ होता. वादळ उठलं की पहिल्या रांगेतली आजी शेजारणीला सांगायची, "घाबरू नकोस, आता थांबतंय." कोंबडा आरवण्याआधी पोरं आरवायची. दिवे लागले की पाळकसाहेब रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणत, "ज्यांनी यायला हवं ते काही येत नाहीत."

मित्रांनो, ते येत होते. ते माझ्या मागे बसत होते. हमाल, धोबीण, रस्ते झाडणारं जोडपं, अंगावर कामाचे कपडे असलेली माणसं. आत जायचा त्यांना संकोच वाटे. माझ्यातून आरपार गेलेलं चित्र त्यांना अंगणात तेवढंच स्वच्छ दिसे आणि आवाजही ऐकू येई. खेळ संपायच्या जरा आधी ते उठून जात. दोन्हीकडचे चेहरे दिसायचे ते फक्त मला.

त्यांच्यात सर्वांत पुढे, स्वतःचं स्टूल घेऊन सुतारबाबा बसत. सभागृहातले सगळे बाक त्यांनीच केले होते. एकदा भर प्रार्थनेत त्यातला एक मोडला. सुतारबाबा डावखुरे होते. पाळकसाहेब सगळ्यांसमोर बोलून गेले, "डाव्या हाताचं काम, दुसरं काय होणार?" मंडळी हसली. सुतारबाबांनी पुढच्या दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "या दारातून मी आता परत येणार नाही." त्याला सहा वर्षं झाली होती.

चित्रपटात एक प्रसंग होता. तरुण येशू वडिलांच्या कारखान्यात लाकडाला रंधा मारतो. तो आला की सुतारबाबा पुढे सरकून बसत. त्यांना दिसे की येशूचा जोर डाव्या हाताचा आहे. मागून बघणाऱ्याला सगळं उलट दिसतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. अक्षरं बघून ते कोणालाही कळलं असतं, पण सुतारबाबांना अक्षरओळख नव्हती. मी त्यांना हसणार नाही. वर्षानुवर्षं अक्षरं माझ्या अंगावर पडायची आणि मला तरी कुठे वाचता येत होती?

त्यांची नात मुंगी. खरं नाव वेगळं, पण चालायची भराभर आणि थांबायची नाही, म्हणून मुंगी. तीही डावखुरी. रविवारच्या शाळेत पाळकसाहेब तिच्या हातातला खडू काढून उजव्या हातात देत. एके रविवारी तिने तो परत डाव्या हातात घेतला.

"प्रभू येशूपण डावखुरा होता," ती म्हणाली. "आजोबांनी बघितलंय."

"कुठे बघितलं बाळा?"

"सिनेमात."

"तुझ्या आजोबांनी सिनेमा बघितलाच नाही. ते आत येतात कुठे?" पाळकसाहेब म्हणाले. पोरं खो-खो हसली. मी कोपऱ्यातल्या टेबलावर घडी होऊन पडलो होतो. मुंगीचा खडू खाली पडलेला मी ऐकला.

पुढच्या खेळाला मला बांधत असताना शिंपीणबाई मशीनवाल्याला सांगत होत्या, "घरात दोघांची बोलाचाली बंद आहे. ती म्हणते आजोबा खोटारडे आहेत. आणि हे जेवत नाहीत धड. म्हणतात, जगानं काहीही म्हणावं, पोरीनं म्हणू नये."

त्या संध्याकाळी मुंगी शिंपीणबाईंना चिकटून पहिल्या रांगेत बसली आणि डोळे फाडून बघत राहिली. कारखान्याचा प्रसंग आला. येशूने रंधा उचलला. उजवा हात.

मुंगी उठली, माझी कड वर केली आणि खालून अंगणात गेली.

"आजोबा, उजवा आहे. तुम्ही खोटं बोललात."

सुतारबाबांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. मुंगी वळली. डावा हात.

ती पुन्हा माझ्याखालून आत गेली. उजवा. पुन्हा बाहेर आली. डावा. मी गदागदा हलत होतो, येशूचा कारखाना भूकंप झाल्यासारखा डुलत होता. पहिल्या रांगेतली आजी म्हणाली, "हे नवीन आहे हो."

पाळकसाहेब रागाने उठले. "कोण आहे तिकडे?" म्हणत त्यांनी मला बाजूला सारलं आणि ते अंगणात आले. तिथे तीस-चाळीस माणसं बसली होती. काही विटांवर, काही गोणपाटावर. झाडूवाला दचकून उठायला लागला.

"बसा, बसा," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "इथून दिसतं?"

"दिसतं की," सुतारबाबा म्हणाले. "सहा वर्षं दिसतंय."

तेवढ्यात रीळ संपली, दिवे लागले. मुंगीने आजोबांचा हात धरला. "तुम्ही खरं बोललात. पण आतून उजवा दिसतो. चला, दाखवते."

सुतारबाबा जागचे हलले नाहीत. "मी शब्द दिलाय त्या दारातून न येण्याचा."

"मग माझ्यासारखे या ना. खालून."

त्यांनी माझ्या खालच्या कडेकडे बघितलं. सहा वर्षांची अढी आणि सहा वर्षांची ती पोर. मशीनवाल्याने हाक मारली, "पुढची रीळ लावू का?"

"नको," पाळकसाहेब म्हणाले. "तीच परत लाव." आणि त्यांनी स्वतः वाकून माझी कड वर धरली.

सुतारबाबा गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, माझ्याखालून आत आले. त्यांच्या पाठीला लाकडाचा भुसा होता, त्यातला थोडा माझ्या कडेला लागला. आत कोणी हसलं नाही. शिंपीणबाई जरा सरकल्या.

पुन्हा कारखाना आला, पुन्हा रंधा उचलला गेला. सुतारबाबांनी नीट बघितलं.

"म्हणजे तो उजवाच," ते हळूच म्हणाले.

पाळकसाहेब त्यांच्या शेजारी उभे होते. "तो नट उजवा आहे. प्रभूचा हात कुठला, ते शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही." मग म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, बाबा. त्या बाकावर गाण्याच्या पुस्तकांच्या पेट्या मीच रचून ठेवल्या होत्या."

"बसा आता," सुतारबाबा म्हणाले. "मागच्यांना दिसत नाही."

त्या दिवसापासून पाळकसाहेब एक खेळ आत बघत, एक अंगणात. मुंगीचा खडू तिच्या डाव्या हातात राहिला, आणि त्याच हाताने तिने आजोबांना अक्षरं शिकवली. चित्रपटाचं नाव माझ्यावर पडलं की ते एकेक अक्षर मोठ्याने लावत. त्यांच्याबरोबर मीही शिकलो.

पुढे नवीन सभागृह झालं. भिंतीवर मोठा टीव्ही आला. भिंतीतून आरपार काहीच दिसत नाही. मशीन कोणीतरी नेलं आणि जुन्या बाकांवर धूळ बसू नये म्हणून मला अडगळीच्या खोलीत त्यांच्यावर पांघरलं. किती वर्षं गेली, मी मोजली नाहीत. एका कोपऱ्याला मला उंदरांनी कुरतडलं.

गेल्या महिन्यात त्या खोलीचं दार उघडलं. भराभर चालणारी पावलं मी लगेच ओळखली. मुंगी आता रविवारच्या शाळेची बाई आहे. तिने मला धुतलं, ठिगळ लावलं, कुठून तरी एक मशीन मागून आणलं आणि मला अंगणाच्या मधोमध दोन खांबांना बांधलं. खांब सुतारबाबांनी करून दिले. ऐंशी वर्षांचे आहेत, हात थरथरतो, पण खांब पक्के आहेत. खुर्च्या दोन्ही बाजूंना मांडल्या होत्या. सुतारबाबा आपलं स्टूल घेऊन मागे गेले.

"आजोबा, तिकडून अक्षरं उलटी दिसतील," मुंगी म्हणाली.

"मग उलटी वाचीन," ते म्हणाले.

मित्रांनो, मला धुवा, उंदरांपासून जपा, ठिगळं लावा. मी अजून बरीच वर्षं टिकेन. पण एवढं करा, मला भिंतीला खिळू नका. माझ्या मागे थोडी जागा मोकळी ठेवा. आणि खेळ सुरू होण्याआधी एकदा माझी कड उचलून बघा, तिकडे कोण बसलंय.