आपला डबा आपण खायचा नाही

नालवाडीतल्या आमच्या बिऱ्हाडाला सगळे अल्लीपूरवाल्यांचं घर म्हणत. एक्याण्णवपासून दोन हजार चारपर्यंत, म्हणजे मेसचा डबा लावणारी पोरं येईपर्यंत, अल्लीपूरहून वर्ध्याला कॉलेजात आलेला पोरगा तिथेच पथारी टाकायचा. दोन खोल्या, सहा गाद्या आणि एकच कायदा: आपल्या घरचा डबा आपण खायचा नाही.

हा कायदा भूपेंद्रभाऊंनी केला. ते पहिल्या तुकडीतले, दुकानदाराच्या घरचे. त्यांच्या डब्यात तूप असायचं आणि बाकीच्यांच्या डब्यात ठेचा. समोर ठेचा खाणारे बसलेले असताना त्यांना ते तूप गिळवेना. सकाळच्या एसटीनं गावाहून सहा डबे यायचे. ते ओळीत मांडायचे, न उघडता एकेक उचलायचा, स्वतःचाच हाती आला तर शेजाऱ्याशी बदलायचा. सत्त्याण्णव साली घराचा म्होरक्या मी होतो आणि या कायद्याच्या बाबतीत हवालदारापेक्षा वाईट होतो, हे कबूल करतो.

त्या जानेवारीत आदेशची आई, आनंदाबाई, वारली. तिची वांग्याची भाजी आपल्या वाट्याला यावी म्हणून आम्ही टपून बसायचो. तेरवी करून आदेश परतला तो वळकटी बांधायलाच. बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा एप्रिलमध्ये होती.

"घरी आता बाबा एकटेच. डबा कोण देईन?" तो म्हणाला. "तुमचं फुकटचं खाणं मले जमणार नाई."

"पाच डब्यांत सहाजण खाऊ बे," मी म्हणालो.

त्यानं ऐकलं नाही. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. उद्या जेवून जा, एवढंच कसंबसं कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर डबे आणायला गेलो, तर कंडक्टरनं सहा डबे हातात दिले. सहावा आदेशच्या बाबांचा, बबनरावांचा. या माणसानं जन्मात चूल पेटवली नव्हती. डबे ओळीत मांडले आणि तो नेमका माझ्या हाती आला. पोळी एकीकडून जळालेली, एकीकडून कच्ची. बेसनात गाठी, आणि मीठ तर विचारू नका. आदेश माझ्याकडे एकटक बघत होता.

"कसं आहे?"

"फस्टक्लास," मी म्हणालो आणि डबा पुसून खाल्ला.

त्यानं वळकटी सोडली.

पुढे दोन महिने तो डबा रोज आला. ज्याच्या वाट्याला येई तो पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरवी आणि फस्टक्लास म्हणे. आदेश तेच गावी कळवी. आपण किती गुणाची पोरं, असं मला वाटायचं.

मार्चमध्ये एकदा बबनराव स्वतःच डबे घेऊन आले आणि आमच्यात येऊन टेकले. तोवर त्यांचा डबा माझ्यापुढे आला होता. ते तिकडे बघतच राहिले.

"आदेश, मीठ बरोबर पडते नं रे? तुई माय चिमटीनं टाकत होती. मले त्या चिमटीचा अंदाज येत नाई."

आदेशनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बापानं पोरासाठी रांधलेला एक घासही पोराच्या पोटात गेला नव्हता, आणि कायदा सांभाळत मधे बसलो होतो मी. माझी मलाच लाज वाटली. मी डबा त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला. डोळे पुसले.

"मीठ लई जास्त आहे, बाबा."

"मंग इतके दिवस काऊन नाई सांगतलं?" बबनराव म्हणाले. "मी रोज तुले खारंच खाऊ घालून राह्यलो."

आदेश खात राहिला. मी हात पुढे केला, तर त्यानं डबा आपल्याकडे ओढून घेतला आणि शेवटच्या घासापर्यंत कोणाला वाटा दिला नाही.