ह्युत्तन कोणाला?

बावीस माणसं आणि अकरा केबिनी. हे गणित ज्याला सोपं वाटतं, त्याने एकदा माझ्या माहेरच्या गोतावळ्याला जहाजात बसवून दाखवावं. आईला सप्टेंबरात पंच्याऐंशी पूर्ण होणार, म्हणून सगळ्यांनी मिळून बर्गनहून नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला सात दिवसांची सफर करायची ठरली आणि केबिनी वाटायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. तोरिल आहे ना, तोरिल करेल! मग्नहिल्डमावशीला केबिन लिफ्टजवळ हवी, पण लिफ्टचा आवाज नको. मामेभावाची आताची बायको आणि आधीची बायको एका मजल्यावर नकोत. जहाजाचा नकाशा आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून तीन आठवडे मी रंगीत पेन्सिली झिजवत होते. आईची केबिन मात्र पहिल्याच दिवशी निवडली होती. सातव्या मजल्यावरची, भिंतभर खिडकीची. कंपनीला चार वेळा फोन करून मी ती मिळवली होती.

आणि मग मंगळवारी तो निरोप आला.

सफरीसाठी आमचा एक ग्रुप होता, बावीसच्या बावीस जण त्यात. निरोप होता अग्नेताचा. अग्नेता म्हणजे आर्विदची, माझ्या धाकट्या भावाची बायको. ती स्वीडनची, दोघं राहतातही तिकडेच, गोथेनबर्गला. तिने लिहिलं होतं, "ह्युत्तनचं ठरलं. आई हो म्हणाल्या, आपल्यालाच देताहेत. तोरिलला इतक्यात सांगू नकोस, तिला फार लागेल."

एका मिनिटात तो निरोप पुसला गेला. पण मी वाचायचा तो वाचला होता. नवऱ्याला धाडायचा निरोप बयेने सगळ्या खानदानाला धाडला होता.

आमच्या बर्गनमध्ये ह्युत्तन म्हणजे सुट्टीत राहायचं घर. आमचं बेटावर आहे, बाबांनी स्वतः बांधलेलं, दोन खोल्यांचं, लाकडी. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्याला रंग मी देते, छपरावरचं शेवाळ मी खरवडते, थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून पाणी मी काढते. आर्विद जुलैत येतो, आरामखुर्चीत पडतो आणि म्हणतो, "काय शांत आहे गं इथे!" आईच्या मागे ते घर माझं, असं मी धरूनच चालले होते. तसं कोणी कधी बोललं नव्हतं, एवढंच. आणि आता माझ्या पाठीमागे ते आर्विदच्या घशात चाललं होतं.

मी लगेच आईला फोन लावला.

"आर्विदचा फोन आला होता का गं?"

"आला होता की. का?"

"काय म्हणत होता?"

"काय म्हणणार? हवापाणी." आणि लगेच, "अगं, मांजर आज काहीच खात नाहीये."

आईला खोटं बोलता येत नाही. काही लपवायचं असलं की ती मांजराचा विषय काढते. गेली कित्येक वर्षं मी हे बघतेय.

तरी म्हटलं, उगाच कुणावर संशय नको. शनिवारी न कळवता आईकडे गेले. दार उघडंच होतं. आईने फोन स्पीकरवर लावला होता आणि त्यातून अग्नेताचा आवाज येत होता, "पहाटे उठून, कॉफी घेऊन समुद्र बघत बसेन मी. किती वर्षांचं मनात होतं!"

"बैस की खुशाल," आई म्हणाली. "मला आता त्याचा काय उपयोग?"

मी खोकले. आई दचकली, फोन बंद केला आणि म्हणाली, "अगं बाई, तू! हे मांजर बघ ना कसं करतंय ते."

मांजर मजेत झोपलं होतं. आता संशय कसला राहिलाय? सगळं लख्ख होतं. मी कॉफी घेतली नाही. टेबलावरचा नकाशा ओढला आणि आर्विद-अग्नेताला पाचव्या मजल्यावरून उचलून तिसऱ्यावर टाकलं. बिनखिडकीची, पुढच्या टोकाची, नांगराच्या साखळीला लागून असलेली केबिन. दर बंदराला ती साखळी खडखडणार, आणि बंदरं आहेत चौतीस. म्हटलं, बसा आता समुद्र बघत.

रविवारी दोघं विमानाने आले, केबिनी पक्क्या करायला. रात्री कंपनीला यादी जायची होती. आईने वाफल केले होते, वर तपकिरी चीज. अग्नेताने नकाशावर वाकून आपलं नाव शोधलं.

"तोरिल, काहीतरी चुकलंय बहुतेक. आम्ही तिसऱ्यावर?"

"चुकलं काही नाही," मी म्हणाले. "एवढं मोठं घबाड मिळालंय तुम्हाला, आता सात दिवस खिडकी नसली तर बिघडलं कुठे?"

"घबाड?" आर्विद चावायचा थांबला.

"साळसूदपणा पुरे हं, आर्विद. ह्युत्तनचं म्हणतेय मी. गुपचूप आईकडून काढून घेतलंत ना?"

अग्नेता लालबुंद झाली. तिने आईकडे पाहिलं. "कळलं वाटतं हिला," ती पुटपुटली.

झालं! कबुलीच ती. मग माझा तोल गेला तो गेलाच. आर्विदला जे बोलायचं ते बोलले आणि मग आईकडे वळले.

"आणि तू गं? बारा वर्षं दर रविवारी येतेय मी. तुझी औषधं लावते, तुला आंघोळ घालते, तुझ्या पायाची नखं कापते. हा जुलैत येऊन लोळतो आणि घर त्याला? मला काय हौस होती इथे रविवार घालवायची? कशासाठी करत होते मी हे सगळं?"

आईने हातातला वाफल बशीत ठेवला.

"घर?" अग्नेता म्हणाली. "कुठलं घर?"

"बेटावरचं! ह्युत्तन!"

"अगं, त्याला आम्ही स्तुगा म्हणतो," अग्नेताचे डोळे मोठे झाले. "ह्युत्तन म्हणजे केबिन! जहाजातली! आमच्याकडे तोच शब्द आहे गं!"

खरंच आहे. स्वीडिश टीव्हीवर हजारदा ऐकला असेल मी. पण वाचताना डोळ्यांपुढे ते बेट होतं, दुसरं काही दिसलंच नाही.

आर्विद आधी फिसकन हसला आणि मग पोट धरून हसायला लागला. "म्हणजे घरासाठी आम्हाला साखळीजवळ टाकलंस होय! तोरिल, कमाल आहे बाई तुझी!" अग्नेताही हसता हसता डोळे पुसायला लागली. मला इतकं हलकं वाटलं, की मीही हसले. घर कुठे गेलं नव्हतं. कोणी काही घेतलं नव्हतं.

"पण सातव्या मजल्यावरची केबिन तर मी आईला दिली होती," मी म्हणाले.

"आईंना नको होती ती," अग्नेता म्हणाली. "एवढ्या मोठ्या केबिनमध्ये एकटीला भीती वाटते म्हणाल्या. त्यांना तुझ्याच केबिनमध्ये झोपायचं होतं. रात्री उठावं लागतं, कधी कपडे खराब होतात, तुझ्यासमोर लाज वाटत नाही म्हणाल्या. पण तू इतके फोन करून ती मिळवलेली, तुला लागेल म्हणून आधी बोलवेना. आज स्वतः सांगणार होत्या."

मी आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"आई, अगं, मग तसंच करू या की," मी म्हणाले. "माझ्या केबिनमध्ये दोन पलंग आहेत. आत्ता लिहिते."

"नको," आई म्हणाली. "एकटीसाठी कुठे मिळते का बघ. छोटी चालेल."

"आई, मी रागाच्या भरात बोलले गं. तसं नव्हतं माझ्या मनात."

"तू कशासाठी येतेस हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, येतेस." तिने बशी पुढे सरकवली. "घर तुलाच. या आठवड्यात वकिलाला बोलावते. बारा वर्षं राबलीस, तुझी मजुरी मी बुडवणार नाही. आणि पुढच्या रविवारपासून नगरपालिकेची बाई मला आंघोळ घालायला येईल. मी उद्या फोन करते."

"आई..."

"लिही," ती म्हणाली. "यादी जायची आहे ना आज?"

आर्विद खिडकीबाहेर बघत होता. अग्नेताने कपबशा उचलायला घेतल्या. मी पेन्सिल उचलली, चौथ्या मजल्यावर एका माणसापुरती केबिन शोधली आणि तिच्यापुढे आईचं नाव लिहिलं.