रद्द केलेले एकोणीस निरोप

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, आणि तेही काही कौतुकानं नव्हे. ऑफिसची वेबसाइट म्हणजे लोकांनी आपल्या आवाजात घरच्यांना बोलके निरोप पाठवायची सोय. लोकांच्या माहितीचं आम्ही काय करतो, हे साध्या भाषेत लिहायचं काम हिच्याकडे आलं होतं. जुना मजकूर वकिलांचा, चाळीस पानी. तो देवाला तरी कळला असता की नाही, कोण जाणे! पण हिची एक खोड होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही.

त्या दुपारी गाडी एका ओळीशी अडली. 'रद्द केलेला निरोप कायमचा पुसला जातो.'

"दाखव," ती प्रोग्रामरला म्हणाली.

"अहो ताई, पुसलेलं काय दाखवू, कप्पाळ?" तो हसला. "बरं, सांगा एखादा नंबर."

तोंडी आला तो आईचा. आईला जाऊन आठ महिने झाले होते. खातंही हिनंच बंद केलं होतं.

पडद्यावर एकोणीस ओळी उमटल्या. प्रोग्रामरचं हसू मावळलं. आईनं बोलून, न पाठवताच रद्द केलेले एकोणीस निरोप, आणि सगळेच्या सगळे हिला.

तिनं पहिला लावला. आधी खोकला, मग भांडं ठेवल्याचा आवाज, मग आई. "अगं, डॉक्टरांकडे जायचंय. येतेस का माझ्याबरोबर? नाहीतर... जाऊ दे बाई. कामात असशील."

पुढचा न लावताच ती उठली आणि थेट वरच्या मॅडमकडे गेली.

मॅडमनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "दोनच वाटा आहेत बघ. 'काही माहिती काही काळ राहू शकते' असं मोघम लिही, म्हणजे सगळं आहे तसं राहील. नाहीतर रद्द केलेलं सगळ्यांचं पुसू, यापुढेही लगेच पुसत जाऊ आणि तुझी ओळ खरी करू. तू सांगशील तसं."

म्हणजे मोघम लिहिलं तर आई राहणार होती, खरं लिहिलं तर जाणार होती. संध्याकाळपर्यंत ती नुसती खुर्चीत बसून राहिली. लिफ्टचं दार उघडलं तरी तिला तेच ऐकू येई, कामात असशील.

"तुमच्यापुरते उतरवून घ्या ना," प्रोग्रामर हळूच म्हणाला. "कोण बघतंय?"

"नको रे. आईनं स्वतःच्या बोटानं रद्द केलेत ते." तिला रडू फुटलं. "पूस. सगळ्यांचेच पूस."

अठरा निरोप न ऐकताच गेले. मग तिनं ओळ लिहायला घेतली, पण खोड कुठली जायला! तिनं फोन तोंडाशी धरला. "आई, कामात नाहीये गं मी. निघालेच बघ." आणि रद्द केलं.

"आता शोध," ती म्हणाली.

त्यानं शोधलं, पुन्हा एकदा शोधलं. "काहीच नाही, ताई."

तिनं डोळे पुसले आणि ओळ लिहिली.