तड्यावरची पट्टी

मी एक जुनी चासी आहे, असे म्हटले तर मित्रांनो, तुमच्यापैकी निम्मे जण विचारतील, "चासी म्हणजे कोण?" यात तुमची चूक नाही. गाडीला रंग असतो, दिवे असतात, भोंगा असतो. पाहणारा तेवढेच पाहतो. पण इंजिन, चाके, दारे, खुर्च्या हे सारे ज्या लोखंडी सांगाड्यावर बसते, तो सांगाडा म्हणजे मी. माणसाला जसा कणा, तशी गाडीला चासी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाचे जाड पत्रे यंत्राखाली दाबून, वाकवून माझे दोन लांब हात तयार झाले. बाहेरून मी भक्कम दिसते, पण हे हात आतून पोकळ आहेत, लांबट डब्यासारखे. त्यातल्या एका हाताच्या पुढच्या टोकाला चार भोके पाडली आणि लांब बोल्ट घालून तिथे स्टिअरिंग बॉक्स बसवला. चालक स्टिअरिंग फिरवतो, ते वळण हा बॉक्स चाकांपर्यंत पोहोचवतो. चाक दगडाला अडले की बॉक्स मला धरूनच जोर लावतो. भांडण चाकाचे आणि दगडाचे, पिळून निघते मी.

पहिली काही वर्षे मी रस्त्यांची मोजणी करणाऱ्या कचेरीत काढली. सुखाची नोकरी होती. मग गुरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला विकत घेतले. त्यांना डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर जावे लागे. वाट कसली, नुसते दगडगोटे! गाडी त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, चालवत. ते आयुष्यभर बस चालवून घरी बसलेले होते, आणि घरी बसणे त्यांना मानवत नव्हते. त्यांनी गाडीला मोठी, जाड दातांची चाके बसवली. मग काय विचारता! जिथे बैलगाडी थबके तिथे आम्ही चढून जाऊ लागलो. वस्तीवरचे लोक म्हणत, "गाडी आहे का घोरपड!" मला फार अभिमान वाटे. पण मोठ्या चाकांचा जोरही मोठा असतो, याचा विचार कोणी केला नाही. मीसुद्धा नाही.

एके दिवशी ओढ्यात पुढचे चाक दोन दगडांच्या फटीत रुतले. भाऊजींनी स्टिअरिंग इकडे पिळले, तिकडे पिळले. खालच्या बोल्टाच्या भोकापाशी माझ्यात काहीतरी तुटले. केसाएवढी चीर. गाडी निघाली, सगळे हसले, आणि माझा तुरुंगवास सुरू झाला.

तुरुंगवास का म्हणते, ते ऐका. ती चीर नेमकी स्टिअरिंग बॉक्सच्या पाठीआड होती. ती मला ठाऊक होती, दुसऱ्या कोणालाही नाही. प्रत्येक वळणावर ती तोंड उघडे आणि मिटे. मला ओरडता येत नव्हते. फार तर 'टक' असा आवाज निघे.

"वहिनी, काहीतरी वाजतंय का?" भाऊजींनी विचारले.

"भाऊजी, मागे औषधाच्या बाटल्या आहेत. त्या वाजणारच."

हळूहळू स्टिअरिंग सैल लागू लागले. तेव्हा गाडी मिस्त्रींकडे नेली. गावभर त्यांना 'झटपट मिस्त्री' म्हणत, आणि या नावाचा त्यांना कोण आनंद! त्यांनी खाली डोके घातले न घातले तोच निदान केले, "बोल्ट ढिले झालेत, दुसरं काय!" लांब पाना लावून त्यांनी सगळा भार टाकला. पोकळ डबा दोन्हीकडून आवळला तर काय होईल? माझे पत्रे आत दबले. चीर बोटभर पुढे सरकली. बोल्ट मात्र घट्ट वाटले. पंधरवड्यात ते पुन्हा सैल झाले, पुन्हा आवळले गेले. रोग आत, औषध बाहेर.

तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनी एक तयार पोलादी पट्टी काढली. "ही बाहेरून लावतो, बोल्ट घालतो. मग हत्ती बसू द्या गाडीत!"

त्यांच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम त्यांची बायको करत असे. तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. ती डोळ्यांवरची काच वर सरकवून म्हणाली, "अहो, आधी बॉक्स उतरवा. ज्याला आधार द्यायचा, त्याची हालत तरी बघा."

"बॉक्स उतरवायचा म्हणजे दिवस गेला."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिले. "उद्या पलीकडे लसीकरण आहे हो. दोनशे जनावरं बांधून ठेवतील लोक. पट्टीच लावा."

"बाई," मिस्त्रीण म्हणाली, "सुई टोचण्याआधी तुम्ही जनावराला हात लावून बघता ना?"

"तुमचं बरोबर आहे. परत आल्यावर बघू."

मी मनातल्या मनात किती विनवण्या केल्या! पट्टी माझ्यावर आली. बोल्ट आवळले गेले. मिस्त्रींनी वरून काळा रंगही मारला. आता एका अंगाला बॉक्स, दुसऱ्या अंगाला पट्टी, आणि मधोमध मी, चिरलेली. घाव न धुता वर कापड बांधावे, तसे झाले. शिवाय सगळ्यांची समजूत अशी, की मी आता पूर्वीपेक्षा मजबूत झाले.

दुसऱ्या दिवशी लसीकरण पार पडले. परतताना भर दुपारी आम्ही खिंडीतल्या उतारावर आलो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल ओढा. वळणावर भाऊजींनी स्टिअरिंग फिरवले. चाके वळलीच नाहीत. वळला तो बॉक्स. चीर एका झेपेत तीन बोल्टांच्या भोकांतून धावली, आणि बॉक्स माझा पत्रा फाडून लोंबकळू लागला. ती चकचकीत पट्टी पुठ्ठ्यासारखी वाकली.

भाऊजींनी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. पुढचे एक चाक कड्यावरून अधांतरी गेले. माझे पोट एका दगडावर टेकले आणि गाडी तिथेच डुगडुगत थांबली. एकीकडचे दार कातळाला चिकटलेले. दुसऱ्या दाराखाली नुसती पोकळी. मागचे दार बाहेरून कडी घातलेले. आजवर मी एकटी अडकले होते. आता दोघे माझ्याबरोबर अडकले.

"भाऊजी, हलू नका."

"मी श्वाससुद्धा विचारून घेतोय, वहिनी."

मित्रांनो, ती दुपार मी विसरणार नाही. वारा आला की गाडी किंचित कलायची आणि मी दगडाला पोट घट्ट लावून धरायची. फाटलेल्या हाताने आधार देता येईना. सगळा भार दुसऱ्या हातावर घेतला. वाकले असते तर सगळेच संपले असते.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "मिस्त्रीणबाई सांगत होत्या. मी ऐकलं नाही."

"आवाज मलाही येत होता," भाऊजी म्हणाले. "बाटल्याच वाजतात असं मानून मी मोकळा झालो. पन्नास वर्षं गाडी चालवून हेच शिकलो म्हणायचं."

बाईंनी न हलता, फक्त हात सरकवून त्यांच्या हातावर ठेवला.

भाऊजी अधूनमधून हलक्या हाताने भोंगा वाजवत होते. शेवटी तो ऐकून वस्तीवरचे लोक धावत आले. त्यांनी जनावरांचे दोर माझ्या मागच्या आडव्या दांड्याला आणि झाडाच्या बुंध्याला बांधले. बारा माणसांनी दोर धरले, एकाने मागची कडी काढली. आधी बाई, मग भाऊजी असे दोघे सरपटत बाहेर आले. भाऊजींनी बाहेर येताच दोर धरलेल्यांना हात जोडले.

दोरांनी मागे ओढून काढलेली गाडी मिस्त्रींकडे पोहोचली. या वेळी मिस्त्रीणबाईंनी कोणाला विचारले नाही. बॉक्स उतरवला, रंग खरवडला, आणि माझे दुखणे पहिल्यांदा उजेडात आले. फाटलेल्या कडेचा जुना भाग गंजून तांबडा झाला होता, नवा भाग चकाकत होता.

"हा तांबडा भाग पट्टी लावली तेव्हाही होता," ती म्हणाली. झटपट मिस्त्री स्टुलावर बसले. पहिल्यांदाच त्यांना काही झटपट सुचेना.

"चासीच बदलू," ते अखेर म्हणाले. "माझ्या चुकीची भरपाई मी करतो."

भंगाराच्या ढिगात पडलेले माझे भाऊबंद मला समोर दिसत होते. मिस्त्रीणबाईंनी माझ्या अंगावरून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला. "बाकी सगळी सरळ आहे. दोन माणसांचा भार दुपारभर धरून होती ही. दुरुस्त करू."

"कसा आधार द्यायचा, ते मला नीट सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वेळी समजून घेतल्याशिवाय हो म्हणणार नाही."

मग मिस्त्रीणबाईंनी सांगितले. फाटलेला पत्रा आधी जागेवर आणायचा. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचे, म्हणजे तो पुढे धावत नाही, आणि मग तो भरायचा. चारही भोकांत पोलादी नळीचे तुकडे बसवायचे, म्हणजे बोल्ट कितीही आवळले तरी पोकळ पत्रा दबत नाही. त्यावर तीन बाजूंनी धरणारी जाड पट्टी वेल्ड करायची. आणि एक आडवा दांडा माझ्या दुसऱ्या हाताला जोडायचा, म्हणजे बॉक्सचा जोर दोघांत वाटला जाईल.

"किती दिवस?"

"चार. गरम लोखंडाला घाई चालत नाही."

"घ्या चार दिवस. तोवर मी चालत जाईन." आणि त्या खरोखर चालत गेल्या, औषधाची पेटी खांद्याला लावून. भाऊजी त्यांच्यामागे लस घेऊन निघाले.

आज मी पुन्हा त्याच वाटांवर आहे. तीन बाजूंनी पोलादाने धरलेली आहे, पण गुदमरत नाही. कारण आत काय आहे ते पाहून मला धरले आहे.

मित्रांनो, तुमच्याही आसपास न बोलणारे पुष्कळ असतील. एखादे यंत्र, एखादे जनावर, कदाचित वर्गातला एखादा अबोल सोबती. त्यांचे काही बिनसलेले दिसले तर लगेच आवळू नका, वरून रंग मारू नका. थोडा वेळ काढा आणि झाकलेले उघडून पाहा. तडा केसाएवढा असतो, तेव्हाच तुमची वाट पाहत असतो.