मिनिटाला साठ ठोके

टक. टक. टक.

चौकड्यांच्या मफलरखाली झाकलेले दोन डोळे.

मंत्र्यांचा फोन: "बाई, दोन्ही बाजू खूश होतील असं काहीतरी बघा."

खात्याचा नियम: जनावराला आकडा द्यायचा, नाव द्यायचं नाही. नाव दिलं की सही होत नाही.

सतरा.

राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संचालकबाई सुनावणीला बसल्या होत्या. समोर डावीकडे मेंढपाळ, उजवीकडे प्राणिप्रेमी, मागे शिकारीचे परवाने मागणारे. सतरा नंबरची लांडगी तिसऱ्यांदा मेंढवाड्यात शिरली होती. तिला मारायचं की ठेवायचं, एवढंच ठरायचं होतं.

"लांडगे आधीपासून होते, मेंढ्या मागून आल्या!" एक मुलगी ओरडली.

"मग स्वेटर लांडग्याच्या लोकरीचा घालत जा की!" डावीकडे हशा पिकला.

बाईंना वाटलं, सभागृहात गुडघाभर गवत वाढलंय आणि ही सगळी डोकी त्यात चरताहेत. मग मेंढपाळांतून एकजण उभा राहिला. बाईंचा धाकटा भाऊ.

"संचालक मॅडम," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा. "आम्ही विष घालणार नाही म्हणालो, चार वर्षं घातलं नाही. तिसऱ्या हल्ल्यानंतर मारू, हे तुम्ही लिहून दिलंय. माझ्या सव्वीस गेल्या. तुम्ही तुमचा शब्द पाळा."

शब्द मोडला असता तर डोंगरात पुन्हा विष पडलं असतं. तिथे आणखी अकरा लांडगे होते. बाईंनी सही केली.

"दोन्हीकडून शिव्या पडल्या," ड्रायव्हर गाडी काढताना म्हणाला, "म्हणजे निकाल बरोबर असणार, मॅडम."

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला गोळी लागली, पण लांडगी घळीत उतरली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. खात्याचा बंदूकवाला आणि ड्रायव्हर शोधायला गेले. बाई गाडीत बसून राहिल्या. मांडीवर रिसीव्हर, त्यात लांडगीच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरचा आवाज.

टक. टक. टक.

थोड्या वेळाने दार उघडून भाऊ शेजारी येऊन बसला.

"आहे अजून?"

"मिनिटाला साठ ठोके. म्हणजे आहे."

त्याने मान हलवली. काचेबाहेर धुकं मेंढरांसारखं अंगाला अंग घासत चाललं होतं.

"मॅडम म्हणताना जीभ जड झाली, ताई."

"छान म्हणालास. आमच्या शिपायालाही इतकं जमत नाही."

तो हसला. ठोक्यांच्या तालावर बाईंचा डोळा लागला. स्वप्नात सतरा नंबर त्यांच्या टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन झोपली होती. वर माणसं भांडत होती आणि ती कानसुद्धा हलवत नव्हती.

दोन वाजता आवाज बदलला. टकटक, टकटक, टकटक.

भाऊ ताडकन सरळ झाला. "जवळ आली वाटतं!" त्याचा चेहरा उजळला. ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"नाही रे."

"मग एवढं जोरात कशाला वाजतंय?"

"सहा तास अजिबात हालचाल झाली नाही, की कॉलर ठोके दुप्पट करते."

त्याने बोटांवर मोजलं. दोन, एक, बारा, अकरा, दहा, नऊ, आठ.

"म्हणजे सकाळपासून आपण..."

"हो."

त्याने गळ्यातला चौकड्यांचा मफलर काढला. गुडघ्यावर घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. रिसीव्हर बंद करायला कुणाचाच हात पुढे झाला नाही.

चार वर्षांपूर्वी बाईंनी कॉलर बसवली, तेव्हा बेशुद्ध लांडगीचं डोकं तासभर त्याच्या मांडीवर होतं, डोळ्यांवर हाच मफलर.