गाडी म्हणते, विश्रांती घ्यावी

घड्याळजींच्या पापण्या जन्मापासून जड. डोळे पूर्ण उघडले तरी समोरच्याला वाटायचं, हा माणूस आता जांभई देणार. शाळेत मास्तरांनी त्यांना पेंगतो म्हणून इतक्या वेळा बाकावर उभं केलं होतं, की खिडकीबाहेरचं मैदान त्यांच्याइतकं वर्गात कोणी पाहिलं नसेल. लग्नात फोटोग्राफरने प्रत्येक फोटो दोनदा काढला आणि दोन्ही वेळा नवरदेव झोपलेलाच निघाला.

खरं तर त्यांच्याइतका जागा माणूस त्या गल्लीत नव्हता. दिवसभर घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून केसाहून बारीक स्प्रिंगा सरळ करायच्या, हे काही पेंगणाऱ्याचं काम नव्हे. पण ते सांगणार कोणाला? सासूबाईंनी तर पहिल्याच भेटीत लेकीला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं होतं, "मुलगा चांगला आहे. जागा कधी होतो तेवढं विचारून घे." खोलीचं दार उघडं होतं. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. सासूबाई आणि घड्याळजी एकमेकांशी फार अदबीने वागत, म्हणजे जवळजवळ बोलतच नसत.

चार महिन्यांपूर्वी जुन्या गाडीने मान टाकली आणि बायकोने नवी पसंत केली. बायको हाडं-सांधे मोडलेल्यांना व्यायाम शिकवणारी. रोज अपघाताची माणसं पाहते, त्यामुळे गाडीत सुरक्षेच्या जेवढ्या म्हणून गोष्टी असतात तेवढ्या सगळ्या तिला हव्या होत्या. त्या मिळाल्या. शिवाय गाडी मराठी बोलते, असंही शोरूमवाल्याने अभिमानाने दाखवलं. बोलायची ती खरी, पण सरकारी पत्रासारखं.

पहिल्याच दिवशी घड्याळजींनी गाडी गल्लीबाहेर काढली आणि समोरच्या पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र उमटलं. "आपण थकलेले दिसता. कृपया विश्रांती घ्यावी," गाडी म्हणाली. सकाळचे सव्वानऊ झाले होते. घड्याळजी नुकतेच अंघोळ करून निघाले होते.

मग कळलं की स्टिअरिंगच्या मागे एक कॅमेरा आहे आणि तो चालकाचे डोळे बघत असतो. शोरूमवाला म्हणाला, "सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, साहेब." ते बंद करायचे. गाडी पुन्हा सुरू केली की कॅमेरा पुन्हा चालू. एसी कमी करायला साधं बटण नव्हतं, पडद्यावर तीनदा बोट लावावं लागे. त्यासाठी पडद्याकडे बघितलं की गाडी टुणटुण करून म्हणे, "कृपया रस्त्याकडे लक्ष द्यावे." खड्डा चुकवायला जरा बाजूला सरकलं तर स्टिअरिंग हातातून ओढून पुन्हा खड्ड्याकडे नेई. आणि तोंडी हुकूम द्यावा, तर घड्याळजींचं बोलणं पहिल्यापासून ओठातल्या ओठात. "काच खाली कर," असं ते म्हणाले की गाडी म्हणे, "काकांना फोन लावत आहे." काकांना आठवड्यात तीन फोन गेले. पुतण्याला एकाएकी आपली एवढी माया कुठून आली, म्हणून म्हातारा गहिवरला होता.

अशा गाडीतून एका गुरुवारी सासूबाईंना दोन तासांच्या अंतरावरच्या गावी न्यायची वेळ आली.

सासूबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. एकतीस वर्षं ट्रंक कॉल जोडून दिलेले. त्या गावचं त्यांचं जुनं एक्स्चेंज पुढच्या महिन्यात पाडणार होते, म्हणून हयात असलेल्या अकरा ऑपरेटर बायकांनी तिथे अकरा वाजता जमायचं ठरवलं होतं. लेकीला सुट्टी मिळेना. "तो नेईल की," ती म्हणाली आणि दोघांचाही होकार गृहीत धरला.

सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. मोठी हातपिशवी त्यांनी मागे ठेवली. त्याबरोबर गाडीने ठणठणाट सुरू केला.

"हे काय?"

"मागे कोणी तरी बसलंय असं वाटतं तिला. पट्टा लावा म्हणते."

सासूबाई उतरल्या, पिशवीला पट्टा लावला, परत येऊन बसल्या. ठणठणाट थांबला. "शिस्तीची आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडं कौतुक होतं. घड्याळजींनी गाडी बाहेर काढली.

वस्ती मागे पडली, हायवे लागला आणि पडद्यावर कप आला. "आपण थकलेले दिसता. कृपया विश्रांती घ्यावी."

सासूबाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. "बघा. मी बावीस वर्षं म्हणतेय. आता यंत्रसुद्धा म्हणायला लागलं."

"माझे डोळेच तसे आहेत, आई."

"असतील," सासूबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात काही मान्य केल्याचं चिन्ह नव्हतं.

पुढची वीस मिनिटं त्या रस्त्याकडे कमी आणि जावयाच्या पापण्यांकडे जास्त बघत होत्या. मध्ये एक लॉरी लागली. तिच्यात रस्त्यावर लावायच्या नव्या पाट्या रचून ठेवल्या होत्या. सगळ्यात वरच्या पाटीवर वीसचा आकडा होता. गाडीने तो वाचला आणि हुकूम समजून भर हायवेवर आपला वेग वीसवर आणायला घेतला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गजर केला. घड्याळजींनी पाय दाबून कशीबशी लॉरी मागे टाकली.

"आता का हळू केलीत? डोळा लागला होता?"

"गाडीने पाटी वाचली, आई. लॉरीतली."

सासूबाईंनी मान वळवून लॉरी पाहिली. मग पिशवीला आहे तसा आपल्यालाही पट्टा नीट लागला आहे ना, ते एकदा चाचपून घेतलं.

तेवढ्यात टिंग वाजलं आणि गाडीने कोणी न सांगताच बायकोचा संदेश वाचायला घेतला. आवाज सपाट आणि उच्चार स्वच्छ. "आई बसली का गाडीत. सीट गरम होते हे तिला सांगू नको, नाहीतर घरच्या खुर्चीलाही तसंच करून मागेल. लेक्चर सुरू झालं तर गप्प ऐक. तुझे डोळे मिटल्यासारखेच असतात, तिला कळणारही नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा."

घड्याळजी पडद्यावर आवाज बंद करायची खूण शोधू लागले, तर गाडी म्हणाली, "कृपया रस्त्याकडे लक्ष द्यावे. उत्तर पाठवायचे आहे का?"

"हो," सासूबाई म्हणाल्या.

घड्याळजी दचकले. सासूबाई ताठ बसल्या होत्या, हनुवटी किंचित वर. एकतीस वर्षं लांबच्या गावांची नावं आणि आकडे तारेतून पलीकडे पोचवलेला तो आवाज. एकेक अक्षर वेगळं, धुतल्यासारखं. "लिही. आई बसली आहे. सीट गरम होते हे तिला समजले आहे. पूर्णविराम. पाठव."

"संदेश पाठवला," गाडी म्हणाली. चार महिन्यांत तिने पहिल्यांदाच एखादी गोष्ट एका फटक्यात ऐकली होती.

मिनिटभरात उत्तर आलं. "अरे देवा. हातांनी तोंड झाकलेला चेहरा."

सासूबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "कुठे असतं ते गरम करायचं?" त्यांनी विचारलं. घड्याळजींनी बोटाने दाखवलं.

थोड्या वेळाने पुढे एक निळी गाडी दिसू लागली. मागे ट्रेलर जोडलेला, त्यावर कपाट, दोन गाद्या आणि उलटी ठेवलेली टेबलं. कोणी तरी घर बदलत होतं. घड्याळजी तिच्या मागे चालले होते. त्यांचे डोळे आणखी बारीक झाले. ते भिंगातून बघताना व्हायचे तसे, पण तिऱ्हाइताला वाटावं, आता संपलंच.

"आपण थकलेले दिसता," गाडीने सुरू केलं.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "जागे आहात ना?"

"डावं चाक," घड्याळजी म्हणाले. "ट्रेलरचं. डुलतंय."

"मला तर नीट दिसतंय."

"वरच्या बाजूला बघा. एक केसभर बाहेर येतं आणि आत जातं. नट सुटलेत." एवढं म्हणेपर्यंत त्यांनी पाय उचलला होता, लुकलुकते दिवे लावले होते आणि पुढच्याला सावध करायला मोठा दिवा दोनदा फेकला होता. त्यांची गाडी मागे राहत गेली. दुसऱ्या एकाने मागून हॉर्न वाजवला, मग तोही दिवे बघून हळू झाला.

"कृपया विश्रांती घ्यावी," गाडी म्हणाली, आणि चाक निघालं.

ते एकटंच काही अंतर ट्रेलरच्या बरोबरीने धावलं, मग रस्ता सोडून गवतात शिरलं. ट्रेलर एका बाजूला बसला, रस्त्याला घासून ठिणग्या उडाल्या, दोरी तुटली आणि एक गादी कपाटासकट मधोमध येऊन पडली. निळी गाडी वेडीवाकडी होत कडेला थांबली. घड्याळजी तोवर कपाटापासून चांगली तीस पावलं अलीकडे शांतपणे उभे होते. मागच्या गाड्याही थांबल्या होत्या.

"सावधान," गाडी म्हणाली. "पुढे अडथळा आहे."

सासूबाई काही क्षण समोर बघत राहिल्या. कपाटाचं दार उघडून आतले हँगर रस्त्यावर सांडले होते. मग त्या पडद्याकडे वळल्या.

"ए बाई, ऐक. ते झोपलेले नाहीत. त्यांचे डोळे तसेच आहेत. तुला चाक दिसलं नाही, त्यांना दिसलं."

"चाकांची सात दुकाने सापडली. मार्ग दाखवू का?"

"नको. पुन्हा त्यांना थकलेले म्हणू नकोस. गप्प बस."

"सूचना बंद केल्या आहेत," गाडी म्हणाली आणि गप्प बसली.

घड्याळजी उतरले आणि ट्रेलरवाल्याकडे गेले. तरुण जोडपं होतं, दोघांचे चेहरे पांढरे पडलेले. मागच्या गाडीतल्या दोघांना घेऊन त्यांनी कपाट कडेला नेलं, गादी उचलली. सासूबाईंनीही उतरून सगळे हँगर गोळा केले आणि त्या मुलीच्या हातात देत म्हणाल्या, "माझ्या जावयांनी आधी पाहिलं म्हणून. त्यांची नजर फार तीक्ष्ण आहे." घड्याळजी गवतातून चाक घेऊन येत होते. त्यांनी ते ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण चेहऱ्याचं काय करावं ते कळेना.

या सगळ्यात पाऊण तास गेला. एक्स्चेंजवर पोचले तेव्हा बाकीच्या दहा बायका पायऱ्यांवर वाट बघत होत्या. आत लांबलचक खोलीत एकच जुना बोर्ड ठेवला होता, भोकाभोकांचा, लोंबत्या दोऱ्यांचा. सासूबाई सरळ जाऊन आपल्या जागेवर बसल्या आणि एक दोरी उचलून भोकात घातली. बोटाने जागा शोधलीसुद्धा नाही.

घड्याळजींना भिंतीवर एक मोठं घड्याळ दिसलं, पावणेसहाला बंद पडलेलं. कॉल किती मिनिटं चालला ते याच्यावर बघायचे, असं एका बाईने सांगितलं. त्यांनी स्टूल मागितलं, घड्याळ उतरवलं, खिशातला छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बायकांच्या गप्पा चालू असेपर्यंत ते खिडकीपाशी उघडून बसले. आत फार काही नव्हतं. वर्षानुवर्षांची धूळ आणि एक मेलेला किडा. तीनच्या सुमाराला ते चालू झालं. अकराही बायका एकदम गप्प झाल्या आणि ऐकत राहिल्या.

परतीच्या वाटेवर सासूबाईंच्या मांडीवर ते घड्याळ होतं. इमारत पाडायचीच, तर तुमच्याकडे राहू दे, म्हणून मैत्रिणींनी दिलं होतं. सासूबाईंनी सहज सांगितल्यावर गाडीने एसी दोन अंशांनी कमी केला, डावीकडची काच अर्धी खाली केली आणि दहा मैत्रिणींपैकी चौघींना एकापाठोपाठ एक फोन लावून दिले. प्रत्येकीला त्या म्हणाल्या, "बोला, लाइन दिली आहे," आणि पलीकडून हसणं ऐकू आलं.

मग लेकीचा फोन आला. "कुठवर आलात? इतका उशीर का झाला? रस्त्यात काही झालं का?"

घड्याळजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी घड्याळजींकडे पाहिलं.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "रस्ता चांगला होता. आणि ऐक, पुढच्या गुरुवारी तू मोकळी असलीस तरी चालेल, पण मला हेच नेतील. एका मैत्रिणीकडे तीन घड्याळं बंद पडलीत."